मरणाची नोंद आणि वारसांचे हेलपाटे

पेडणे महालातल्या एखाद्या घरात कोणी गेले, की पुढचे तेरा दिवस त्या घराला दुसरे काही सुचत नाही. सुतक, दहावा, बारावा, तेरावा, मुंबईहून उतरणारे भाऊबंद, त्यांच्या चहापाण्याची नि झोपण्याची सोय. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगतात, घर रिकामे होते, आणि मग कोणाला तरी आठवते की पंचायतीत नोंद करायची राहिली. कायद्याने दिलेल्या एकवीस दिवसांपैकी सातच उरलेले असतात. बहुधा थोरला मुलगा जातो, सचिव विचारील ते सांगतो, सही करतो आणि परत येतो. त्या पाच मिनिटांत तोंडातून निघालेली नावे पुढे पन्नास वर्षे घराच्या मानगुटीवर बसतात. वाचकहो, आज आम्ही लिहिणार आहोत ते या पाच मिनिटांबद्दल.

मृत्यूचा दाखला सगळ्या देशातच लागतो. बँकेतले पैसे असोत, विम्याची रक्कम असो वा विधवेला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा आधार, दाखल्यावाचून काही हलत नाही. पण गोव्यात त्याचे वजन इतरांहून जास्त आहे, आणि त्याला कारण आपला वारसा कायदा. वेगळा करार नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. एक गेला की निम्मा वाटा मागे राहिलेल्याचा आणि निम्मा वारसांचा. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली ही पद्धत २०१२ च्या गोवा वारसा कायद्याने नव्याने मांडली, आणि तो कायदा डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. वारस कोण हे ठरवणारा दस्त विशेष नोटरीपुढे होतो. नोटरी आधी मृत्यूचा दाखला मागतो, मग लग्नाचा, मग प्रत्येक मुलाच्या जन्माचा. सुना-जावईही कागदावर यावे लागतात. या सगळ्या दाखल्यांतली नावे एकमेकांशी जुळली तर दस्त होतो. नाही जुळली तर फाईल बंद करून नोटरी म्हणतो, दुरुस्त करून आणा.

आता हे कागद ज्या वह्यांतून निघतात त्या वह्यांकडे पाहा. डिचोली आणि पेडणे हे नव्या काबिजादीतले महाल. डिचोली अठराव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांकडे गेला, पेडणे १७८८ साली. जुन्या काबिजादीतल्या ख्रिस्ती कुटुंबांचा बाप्तिस्मा आणि दफन चर्चच्या पुस्तकांत शतकानुशतके नोंदले जात होते. आमच्या महालांतल्या हिंदूंचे मरण कोठेच लिहिले जात नव्हते. कुळकर्ण्याच्या वहीत जमीन होती, माणूस नव्हता. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि त्या दशकात सर्वांसाठी एकच नागरी नोंदणी सुरू झाली, तेव्हा आमचे पणजोबा प्रथम सरकारी वहीत आले.

आले, पण कसे? कारकुनाला मराठी येत नव्हते आणि पणजोबांना पोर्तुगीज. कानावर पडेल ते नाव कारकुनाने आपल्या उच्चाराच्या रीतीने रोमी अक्षरांत उतरवले. शंकराच्या ‘श’साठी ‘एक्स’, केशवाच्या ‘क’साठी ‘क्यू’, परबाचे ‘पोरोब’. १९६१ साली मुक्ती झाली. मुलगा मराठी शाळेत गेला आणि देवनागरीत शंकर झाला. नातवाने इंग्रजी अर्ज भरले आणि तो इंग्रजी अक्षरांतला शंकर झाला. तीन पिढ्यांत एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिले गेले, आणि ही तीन माणसे एकाच घरातली आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची, तर घरातल्यांची! ते जुने पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. पणजीच्या पुराभिलेख खात्यात जुनी नोंद शोधायला जाणाऱ्यांत पोर्तुगीज पारपत्राची आशा धरणारे असतात, तसाच आजोबांच्या नावावरचे भाट स्वतःच्या नावावर करू पाहणारा कोरगावचा शेतकरीही असतो. पहिल्याची घाई सगळ्यांना माहीत आहे, दुसऱ्याबद्दल कोणी बोलत नाही.

नावांचा हा घोळ पुरुषांपुरता असता तर प्रतिज्ञापत्रावर निभावले असते. खरी फरफट होते ती बायकांच्या नावांमुळे. आमच्याकडे माहेरची गंगू लग्नाच्या दिवशी तांदळात नवे नाव काढून लक्ष्मी होते. जन्माच्या वहीत ती गंगू, वडिलांच्या नावाने. सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाची सही केली तीही जन्मदाखल्याप्रमाणे, म्हणजे गंगू म्हणूनच. शिधापत्रिकेवर, मतदारयादीत, आधार कार्डावर मात्र ती लक्ष्मी, नवऱ्याच्या नावाने. ती गेली की मुलगा पंचायतीत सांगतो ‘लक्ष्मी’, कारण त्याने आईला दुसऱ्या नावाने कधी हाक मारलेली ऐकलीच नाही. नोटरीपुढे चित्र उभे राहते ते असे, की गंगू नावाची एक बाई कधी मेलीच नाही, आणि लक्ष्मी नावाची एक बाई कधी जन्मलीच नाही. निम्म्या मालमत्तेची मालकीण अशी दोन नावांत हरवते. पेडण्याच्या लेकी सावंतवाडी-वेंगुर्ल्यात दिलेल्या, डिचोलीच्या दोडामार्गात, आणि तिकडच्या इकडे. म्हणजे जन्माची वही एका राज्यात नि मरणाची दुसऱ्या. पत्रादेवीचा नाका ओलांडला की वही बदलते, कचेरी बदलते, नात्यातला माणूस मात्र तोच.

१९६९ चा केंद्रीय जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यात लागू झाला. तेव्हापासून गावात पंचायतीचा सचिव आणि शहरात नगरपालिका हे निबंधक आहेत. या कायद्याचा एक साधा नियम लोकांना आजही ठाऊक नाही. मरण जेथे घडले तेथेच त्याची नोंद होते. मृताचे घर कोठे आहे याला किंमत नाही. पेडण्याचा अत्यवस्थ रुग्ण म्हापशाला नाही तर बांबोळीला जातो आणि बऱ्याचदा तेथेच संपतो. नोंद त्या ठिकाणच्या निबंधकाकडे जाते. घरचे मात्र महिनाभर आपल्या पंचायतीचे उंबरठे झिजवतात आणि सचिव नोंद नाही म्हणतो म्हणून त्याच्यावर रागावतात. इस्पितळात मरण आले तर खबर देण्याचे काम इस्पितळाचे, घरात आले तर कुटुंबप्रमुखाचे. मुंबईत वारलेल्या गोवेकराचा दाखला तेथील महापालिकेच्या विभाग कार्यालयातल्या आरोग्य खात्याकडून घ्यावा लागतो, कोकणातल्या खेड्यात वारलेल्याचा त्या ग्रामपंचायतीकडून. मृतदेह गावी आणून अग्नी दिला म्हणून नोंद गावी येत नाही.

दुसरी एक गोष्ट कोविडच्या काळात अनेकांना कडू अनुभवाने कळली. दाखल्यावर मरणाचे कारण नसते. कायद्यानेच ते उघड करायला मनाई आहे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये ठरले, तेव्हा लोक दाखला घेऊन धावले आणि कारणाचा कागद आणा म्हणून परत पाठवले गेले. कारण लिहिलेले असते ते डॉक्टरच्या प्रमाणपत्रात, इस्पितळात नमुना ४ आणि घरी मरण आले तर नमुना ४ अ. २०२३ च्या दुरुस्तीने या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असे ठरवले आहे. ती मागून घ्या. मृतदेह ताब्यात घेताना मागणे जिवावर येते हे खरे, पण नंतर मागायला गेलात तर रुग्णाचे कागद शोधून काढण्यातच महिने जातात.

एकवीस दिवस उलटले तर काय? तीस दिवसांपर्यंत उशिराचे शुल्क, वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्षानंतर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ते काम जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आले. वकिलाची फी वाचली, हे चांगले झाले. पण ज्या महसूल कचेऱ्यांत कुळांचे आणि मुंडकारांचे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले, त्यांच्याच डोक्यावर हे नवे ओझे चढले आहे, तेव्हा आनंद बेताने करावा. त्याआधी ‘नोंद आढळत नाही’ असा नमुना १० मधला दाखला आणावा लागतो, तो वेगळाच. जी गोष्ट नाही ती नाही म्हणून लिहून घ्यायलाही आपल्याकडे चार खेपा पडतात.

कुळांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यात काय पणाला लागले आहे तेही सांगतो. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा, १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला आणि राहणाऱ्याला हक्क दिला. पण ज्याचे नाव नमुना एक व चौदावर कूळ म्हणून लागले तो आज बहुतेक घरांत हयात नाही. दावा चालू असताना पक्षकार वारला तर दिवाणी न्यायालयात त्याचे वारस नव्वद दिवसांत आणावे लागतात, नाही तर दावा त्याच्यापुरता निकालात निघतो. नव्वद दिवस! दाखल्यातले नाव दुरुस्त करण्यातच ते संपतात. मयेच्या कस्टोडियनच्या जमिनीसाठी २०१४ साली कायदा झाला, मोप्याच्या पठारावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. जमीन मिळणार असो की गेलेली असो, मेजापलीकडून प्रश्न एकच येतो, मूळ मालक किंवा कूळ कधी वारले आणि तुम्ही त्यांचे कोण? ज्याच्याकडे उत्तराचा कागद नाही त्याची जमीन भाटकाराने नव्हे, कारकुनाच्या एका अक्षराने अडवलेली असते.

म्हणून सरकारकडे आमचे मागणे मोठे नाही. प्रत्येक दाखल्यावर रोमी अक्षरांबरोबर देवनागरीत नाव असलेच पाहिजे, आणि ते घरचे उच्चारतात तसे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी देवनागरीत राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही मान्यता मिळाली. दोन्ही भाषांची लिपी एकच आहे, तेव्हा येथे तरी भांडणाला जागा नाही. विवाहित स्त्रीच्या नोंदीत जन्मनाव आणि सासरचे नाव शेजारी शेजारी लिहायला रकाना द्यावा. इस्पितळात घडलेल्या मरणाची सूचना मृताच्या गावच्या पंचायतीला आपोआप जावी; सगळी नोंदणी संगणकावर आली आहे म्हणता, तर एवढे जमायला हरकत नाही. आणि काही कचेऱ्या दाखला ‘नुकताच काढलेला’ हवा म्हणून अडून बसतात, त्यांना कोणीतरी समजावून सांगा की मेलेला माणूस सहा महिन्यांनी उठून बसत नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या घरात असा प्रसंग आला तर नोंद करायला जाणाऱ्याच्या हातात मृताचा जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला द्या. तेराव्याची वाट पाहू नका. ज्याला सुतक नाही असा शेजारी किंवा जावई माहिती घेऊन आधी कचेरीत विचारून येऊ शकतो. नमुना २ वर सही करण्यापूर्वी प्रत्येक अक्षर वाचा, वाचता येत नसेल तर सचिवाला मोठ्याने वाचायला लावा. नोंद होताच सात दिवसांच्या आत दाखला विनामूल्य मिळण्याचा तुमचा हक्क आहे. त्यात चूक दिसली तर लगेच अर्ज करा. कायद्याच्या पंधराव्या कलमाखाली निबंधक मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहून तारखेसह सही करू शकतो, आणि माणूस आठवणीत ताजा असताना हे काम सोपे असते. फी भरून चार-पाच जादा प्रती त्याच वेळी काढून ठेवा. आणि आजोबा-आजींची नोंद कोठे आहे, आहे की नाही, याचा शोध घरात कोणी आजारी नसताना घ्या. पावसाळ्यात शेतातली घाई सरली की एक दिवस सिव्हिल रजिस्ट्रारच्या कचेरीला द्या, सोबत घरातले सर्वांत वयस्कर माणूस न्या. कोणत्या साली पूर आला होता नि त्याच्या आधी की नंतर आजी गेली, हे त्यालाच सांगता येते, आणि साल कळल्याशिवाय वही उघडत नाही.