शासकीय संकेतनामांची शिस्त

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय डाक खात्याने सहा अंकी पिन क्रमांकाची पद्धत सुरू केली. तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याने केली होती. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि त्यामुळे भलतीकडे जाणारी पत्रे, ही अडचण त्या सहा अंकांनी पुष्कळ अंशी दूर केली. आरंभी ११ हा आकडा दिसला की पत्र दिल्लीचे, हे कारकुनास गावाचे नाव न वाचताही कळू लागले. पत्त्याची शिस्त ही वरवर क्षुल्लक वाटणारी बाब सार्वजनिक जीवनात किती मोलाची असते, हे यावरून दिसून येईल. आज तोच प्रश्न इंटरनेटवरील शासकीय पत्त्यांच्या बाबतीत उभा आहे.

इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांची ओळख अंकांनी होते. परंतु माणसाच्या स्मरणात अंकांपेक्षा नावे अधिक टिकतात. आरंभीच्या काळात अशा नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅन्फर्ड संशोधन संस्थेत ठेवली जात असे. यंत्रांची संख्या वाढली, तेव्हा एका यादीने हे काम भागेना. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन-नाम पद्धती मांडली. तीत नावांची रचना वृक्षासारखी असते आणि प्रत्येक शाखेची जबाबदारी निरनिराळ्या संस्थेकडे सोपविता येते. असे नाव शेवटाकडून वाचावे लागते. ‘एज्युकेशन.गव्ह.इन’ या नावात ‘इन’ म्हणजे भारत, ‘गव्ह’ म्हणजे शासन आणि त्यानंतर विशिष्ट खाते, असा क्रम आहे.

भारतात ‘इन’ या शाखेचा कारभार २००३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहे. २००५ पासून थोडे शुल्क भरून कोणीही ‘इन’ने संपणारे नाव घेऊ शकतो. परंतु ‘गव्ह.इन’ ही उपशाखा बाजारात विकली जात नाही. तिची नोंदणी १९७६ मध्ये स्थापन झालेले व दिल्लीत मुख्यालय असलेले राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र करते, आणि ती केवळ शासकीय संस्थांसाठीच राखून ठेवलेली आहे. म्हणजे हे शेपूट एक प्रकारची राजमुद्राच होय.

या मुद्रेचे महत्त्व व्यवहारात चटकन पटते. पारपत्राच्या अर्जासाठी पैसे उकळणाऱ्या बनावट संकेतस्थळांविषयी शासनाला नागरिकांना सावध करावे लागले आहे. खरे स्थळ ‘पासपोर्टइंडिया.गव्ह.इन’ हे आहे. नकली स्थळांची नावे त्याच्याशी मिळतीजुळती असली, तरी त्यांचे शेवट निराळे असतात. नावाच्या मध्येच कोठेतरी ‘गव्ह’ ही अक्षरे घालणे कोणासही शक्य आहे. शेवट मात्र कोणाला चोरून घेता येत नाही. ज्याला ही खूण ठाऊक नाही, त्याचे पैसे तर जातातच, शिवाय जन्मतारीख, पत्ता, ओळखपत्राचा क्रमांक असा खाजगी तपशीलही परक्याच्या हाती पडतो.

असे असता ही खूण शासनानेच अंधुक होऊ देणे योग्य नव्हे. नागरिकांशी विचारविनिमय करण्यासाठी २०१४ मध्ये निघालेले केंद्र शासनाचे व्यासपीठ ‘मायगव्ह.इन’ या नावाने चालते. केंद्र व दिल्ली शासन यांच्या समान भागीदारीतील दिल्ली मेट्रो ‘कॉम’ या व्यापारी शेवटाचे नाव वापरत आली आहे. या संस्था अस्सल आहेत, यात शंका नाही. पण अस्सल संस्थाच निरनिराळे शेवट वापरू लागल्या, तर नागरिकाला शिकवावयाचा नियम तरी कोणता? स्वायत्त संस्थेचे जुने नाव लोकांच्या परिचयाचे असते, हा आक्षेप खरा आहे. परंतु जुन्या नावावर आलेल्या वाचकास नव्या नावाकडे आपोआप वळविता येते. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ‘बँक.इन’ या राखीव शेवटाकडे येण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून दिली होती. जे बँकांना सांगता येते, ते सार्वजनिक संस्थांनाही सांगता आले पाहिजे.

दुसरा प्रश्न नावांच्या चिरस्थायित्वाचा आहे. १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला. २०२० मध्ये मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे शिक्षण मंत्रालय झाले. खात्याचे नाव बदलले की पत्ताही बदलतो. पण जुना पत्ता तोवर ग्रंथांत, प्रबंधांत व शाळांच्या परिपत्रकांत छापला गेलेला असतो. तो मृत झाला, तर संदर्भ हरवतो आणि प्रसंगी अहवालही दृष्टीआड होतो. ग्रंथालयाने कपाटे हलविली म्हणून ग्रंथांचे दाखल क्रमांक पुसले जात नाहीत. त्याचप्रमाणे एकदा दिलेले शासकीय नाव कधीही सोडू नये व ते नव्या पत्त्याकडे नेणारे ठेवावे, असा कायमचा नियम असावा. बाजारातून घेतलेल्या नावाची मुदत संपली की ते परका मनुष्य विकत घेऊ शकतो, हा धोका तर आणखी गंभीर आहे.

नियम कडक असले, तरी दार अरुंद असू नये. अमेरिकेत ‘गव्ह’ या नावासाठी वार्षिक ४०० डॉलर पडत. २०२१ मध्ये ते शुल्क रद्द झाले, कारण अशा खर्चामुळे लहान गावे व्यापारी नावांकडे वळण्याचा संभव असतो. आपल्याकडेही छोट्या ग्रामपंचायतीस नाव व साहाय्य विनासायास मिळाले पाहिजे. भाषेचाही विचार हवा. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘भारत’ हा शेवट सुरू झाला. त्यात मराठीचाही समावेश आहे. ‘सरकार.भारत’ या उपशाखेचा प्रसार व्हावयास हवा. मात्र ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने होणारी फसवणूक टाळण्यासाठी एका नावाची संभाव्य रूपेही राखून ठेवावी लागतील.

शासकीय शेवट असला म्हणजे मजकूर निर्दोष असतोच, असे नाही. बोलणारा कोण, एवढेच तो सांगतो. परंतु जबाबदार कोणास धरावयाचे, हे कळणे ही लोकशाहीतील पहिली पायरी होय. शाळांनी मुलांना नकाशा वाचावयास शिकविला, तसाच हा पत्ताही शेवटाकडून वाचावयास शिकवावा; आणि शासनाने तो वाचण्यायोग्य ठेवावा.