कापूस अन्‌ लेकरू

रक्ताच्या कॅन्सरचं लेकरू घेऊन वऱ्हाडातली आई परळच्या टाटा रुग्णालयात जाते. मुक्काम दादरला, गाडगेबाबांच्या धर्मशाळेत. (बाबा आपल्याच शेंडगावचे!) पहिला महिना सुया, उलट्या, केस गळणं, तिचे डोळे सलाईनच्या थेंबावर. मग एक दिवस लेकरू हसतं, भाकर मागतं. इकडे कापूस फुटलेला. घरून निरोप जातो, ‘बरं झालं ना? या आता!’ मंडळी, घात इथंच होतो, अन्‌ तो आपणच करतो. तपासणीत दिसला नाही तरी रोग दडून असतो. औषध दोन-अडीच वर्षं चालतं. वेचणीला मजूर लावा, तिला बोलावू नका. पुढच्या खेपांना रुग्णालयाचा दाखला घ्या. रेल्वेत स्लीपरला लेकराचं तिकीट माफ, सोबतच्याला पाव भाडं.