पावसाळ्यात काच धुरकटली तर

पहाटे माल घेऊन बाजाराला निघताना गाडीची समोरची काच आतून धुरकटली, तर प्रसंग जिवावर बेततो. दोष आतल्या दमट हवेचा. म्हणून बाहेरची हवा घेण्याची कळ लावावी, झोत काचेवर सोडावा, एसी असल्यास चालू करावा. तो हवेतली ओल काढतो.

तरी काच निवळेना, तर गाडी बंद करून वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढावा. बऱ्याच मोटारींत डाव्या कप्प्यामागे हवेचा फिल्टर असतो. तो धुळीने भरल्यास बदलावा. ओल्या मॅट, गोणपाट उघडीप मिळताच वाळवावेत. पंखा फिरतच नसेल, तर आधी फ्यूज पाहावा. काचेवर चिकट थर आणि गोडसर वास आला, तर हीटर गळत असावा. ते काम मेकॅनिकचे. काच निवळल्याशिवाय गाडी हलवू नये.