खाजनांचे बांध आणि पंचायतींची कुंपणे

हवामान बदलाची चर्चा आजकाल परिषदांच्या व्यासपीठांवरून इतकी चालते की, हा विषय दिल्लीचा वा जिनिव्हाचा असून गावच्या सरपंचाचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही, असा कोणाचाही समज व्हावा. गोमंतकास हा समज परवडणारा नाही. २००६ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने वाढत गेली, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक तज्ज्ञमंडळाने नमूद केले आहे. एवढ्याशा आकड्याने कोणी दचकणार नाही. परंतु ज्याचे शेत भरतीच्या पातळीखाली आहे, त्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि आपली खाजने नेमकी अशीच आहेत.

खाडीच्या पोटातून मातीचे बांध घालून काढलेली ही जमीन. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने मानशीची दारे मिटतात, ओहोटी लागली की उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यात खारटपणा सोसणारे कोरगुट भात, आणि मानशीच्या तोंडाशी मासळी. आमच्या पूर्वजांनी ही व्यवस्था अभियांत्रिकीच्या पदव्यांवाचून उभारली व गावकरीच्या शिस्तीने शतकानुशतके राखली. आज अनेक ठिकाणी ती ढासळली आहे. बांध फुटतो एका गावात आणि पीक बुडते शेजारच्या गावात. मग पंचायत म्हणते, हे आमच्या हद्दीत नव्हे. कोमुनिदाद म्हणते, जमीन कुळांकडे गेली. कुळांची संघटना म्हणते, तिजोरीत पैसा नाही. आणि सरकारी खाते अंदाजपत्रकाकडे बोट दाखवते. तोवर शेतात खारफुटी उगवते, आणि एकदा ती उगवली की कायद्याने तिला हात लावता येत नाही!

१९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्यास हक्क मिळाला, हे न्याय्यच झाले. त्याबद्दल आमच्या मनात यत्किंचितही किंतु नाही. १९७५ च्या नियमांनी बांधांची सामायिक जबाबदारीही कुळांच्या संघटनांवर सोपविली. पण कित्येक संघटना मानशीवरील मासेमारीची पावणी काढण्यापुरत्याच उरल्या. पावणी घेणारा मासळीसाठी दारे उघडी ठेवतो, खारे पाणी आत मुरते, आणि भाताचा विचार करण्यास कोणी शिल्लक राहत नाही.

गावांनी एकत्र बसणे ही आपणांस नवी गोष्ट नव्हे. पोर्तुगीज आले तेव्हा तिसवाडीत आठ प्रमुख गावांचे गावकार साऱ्या बेटाच्या सामायिक कारभारासाठी एकत्र जमत, आणि १५२६ च्या फोरालमध्ये या रूढीची नोंद परकीय राज्यकर्त्यासही करावी लागली. सासष्टीचे नावच मुळी सहासष्ट गावांच्या समूहावरून पडले. स्वराज्यात मात्र १९१ पंचायती, आणि प्रत्येकीचे कुंपण निराळे.

साळ नदीच पाहा. वेर्ण्याजवळ उगम पावून, मडगावच्या कडेने, नावेली, बाणावली, वारका, चिंचिणी, असोळणा अशा गावांच्या सीमा ओलांडीत ती बेतूलपाशी समुद्राला मिळते. शहराचे सांडपाणी खालच्या गावांच्या शेतात व मासळीत उतरते. खालची खाजने बुजविली तर पुराचे पाणी वर तुंबते. नगरपालिका आणि पंचायती यांनी स्वतंत्रपणे कितीही उत्तम ठराव केले तरी या पाण्यास ते वाचता येणार नाहीत.

केरळातील मीनंगाडी पंचायतीने २०१६ मध्ये कार्बनमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला, शेतकऱ्यास झाडांवर कर्ज देण्याची योजना आखली. ते स्तुत्यच आहे. पण झाडे एका पंचायतीला लावता येतात, बांध एकटीला राखता येत नाही.

येथे एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. किनाऱ्यावरील पंचायतींना बांधकामांच्या परवान्यांतून व पर्यटनातून पैसा मिळतो; बांध राखायचे आहेत ते पुष्कळदा आतल्या, निर्धन पंचायतींनी. श्रीमंताने शेजाऱ्याच्या बांधासाठी पैसा का द्यावा? कारण पुराचे पाणी पोटात घेणारी खाजने भरली, तर ते पाणी त्यांच्याच बंगल्यांत शिरणार आहे. तेव्हा एकेका नदीच्या दोन्ही काठांवरील पंचायती, नगरपालिका, कोमुनिदादी व कुळांच्या संघटना यांची एक समिती, उत्पन्नाच्या प्रमाणात भरलेला एक निधी, बांधांचा व मानशींचा एक नकाशा, आणि पावणीत मानस केव्हा उघडावी व मिटावी याची अट, एवढे तरी सरकारने नियमाने घालून द्यावे. ७३ व्या घटनादुरुस्तीने मृदसंधारण, लघुपाटबंधारे, मत्स्यव्यवसाय हे विषय पंचायतींसाठी घटनेत लिहून ठेवले; प्रत्यक्षात हाती किती आले, हे प्रत्येक सरपंच जाणतो.

बांधाची माती वाळलेली असते तेव्हाच त्याची डागडुजी होते. आषाढात निविदा काढून ती होत नाही. साळीच्या काठचे सरपंच आणि मडगावचे नगराध्यक्ष यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा बसावे. यजमानपद कोणी घ्यायचे यावर घोडे अडत असेल, तर नदी जेथे उगम पावते त्या वेर्ण्याने ते घ्यावे.