जादूगाराचा झगा

मुलांनो, शाळेच्या फळ्यावर स्नेहसंमेलनाची तारीख लागली, की घराघरांत एकच धांदल उडते. ‘आई, मला जादूगार केलंय!’ असं ओरडत कुणीतरी दप्तर फेकतं आणि आई कपाळाला हात लावते. मग ड्रेपरीवाल्याकडे फेरी. तिथला झगा एक तर गुडघ्याशीच संपतो, नाही तर आत दोन जादूगार मावतील एवढा ढगळ असतो. यंदा आपण तो घरीच शिवू या. मशीन नसलं तरी अडत नाही.

पण कात्री हातात घ्यायच्या आधी माझी एक गोष्ट ऐका. मी चौथीत होते. मलाही जादूगार व्हायचं होतं. आजीच्या ट्रंकेत मला एक काळंभोर लुगडं सापडलं, त्यावर रुपेरी खडीच्या चांदण्या. जादूगाराला याहून चांगलं कापड कुठे मिळणार? मी ते जमिनीवर पसरलं आणि डोकं घालायला मधोमध मोठं भोक पाडलं. आजी देवळातून आली तेव्हा मी आरशासमोर गिरक्या घेत होते. ती होती तिची चंद्रकळा. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची.

आजी ओरडली नाही. मोड्यावर बसली आणि बराच वेळ त्या भोकाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिली. मला वाटलं, त्यापेक्षा दोन धपाटे बरे. मग म्हणाली, ‘आता कापलंस ना? मग निदान नीट तरी कापू या. आण ती टेप.’

तेव्हा पहिला नियम : कापड कुणाचं आहे ते विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही. जुनी गडद रंगाची सिंगल चादर सगळ्यात सोयीची. ती साधारण ९० इंच लांब आणि ६० इंच रुंद असते. साडेचार फूट उंचीच्या मुलाचा झगा तिच्यात बाह्यांसकट बसतो. कसा? दोन्ही हात आडवे पसरून टोकापासून टोकापर्यंत मोजून बघा. ते अंतर जवळजवळ तुमच्या उंचीइतकंच भरेल. म्हणजे ५४ इंच, आणि आपल्याकडे आहेत ६०!

चादर आधी लांबीत दुमडा, म्हणजे खांद्यावर घडी येईल. मग उभी दुमडा. आता चार पदर झाले. दोन्ही घड्या जिथे भेटतात तो कोपरा म्हणजे गळा. तिथे तीन इंचांवर खडूने पाव गोल काढा. वरच्या घडीच्या दुसऱ्या टोकाला मनगट. तिथून खाली १२ इंचांवर खूण करा, जादूगाराची बाही लोंबायलाच हवी. काखेची खूण उभ्या घडीपासून १० इंच आणि वरून ९ इंच. खालचा घेर उभ्या घडीपासून १५ इंच. मनगट, काख आणि घेर रेषेने जोडा, काखेत मात्र टोक नको, गोलाई द्या. शिलाईसाठी अर्धा इंच माया सोडून कापा. चार पदर एकदम कापायला जोर लागतो, तेव्हा कात्री मोठ्या माणसाच्या हाती द्या.

गळ्यातून डोकं जाणार नाही. जाऊही नये, नाही तर झगा खांद्यावरून घसरेल. म्हणून फक्त पुढच्या पदराला मधोमध चार इंचांची चीर द्या आणि वर नाडी लावा. आता झगा उलटा करून दोन्ही बाजू शिवा. धावदोरा चालतो, पण चार-पाच टाक्यांनंतर सुई एक पाऊल मागे नेऊन टाका घाला, म्हणजे शिवण उसवत नाही. काखेच्या गोलाईत बारीक काप द्या, नाही तर कापड तिथे ओढलं जातं. (माझं जातंच, अजूनही.)

खालची कड दुमडताना अंगात घालून बघा. झगा घोट्याच्या वर संपला पाहिजे, आणि तोही स्टेजवर जे घालणार त्याच चपला घालून मोजायचा. पायात अडकून पडलेला जादूगार मी पाहिलाय. प्रेक्षक हसले, पण तो विंगेत जाऊन रडला.

आता टोपी. सातवी-आठवीच्या मुलांनो, भूमितीचं पुस्तक उघडा! १४ इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ८८ इंच. त्याचा पाव भाग २२ इंच. तुमचं डोकं साधारण २१ इंच भरेल, उरलेला एक इंच डिंक लावायला. म्हणजे कार्डशीटवर १४ इंच त्रिज्येचा पाव गोल कापा आणि गुंडाळून चिकटवा. झाली टोकदार टोपी.

टोपीवर चंद्र-चांदण्या लावायची कल्पना तुम्ही चित्रपटात पाहिली असेल. १९४० च्या डिस्नेच्या ‘फँटेसिया’त मिकी माउस अशीच निळी टोपी घालतो. टोपी त्याची नसते हं. तो जादूगाराचा चेला. गुरुजी झोपायला गेल्यावर न विचारता ती डोक्यावर चढवतो, झाडूला पाणी भरायला लावतो, आणि मग झाडू काही थांबेना! ही गोष्ट जर्मन कवी गटेने १७९७ साली कवितेत लिहिली होती. शंभर वर्षांनी ड्यूका या फ्रेंच संगीतकाराने तिच्यावर संगीतरचना केली आणि चित्रपटात तीच वाजते. आपल्याकडच्या पी. सी. सरकारांना मात्र झगा लागला नाही. ते महाराजासारखी शेरवानी आणि तुरा लावलेला फेटा घालून जादू करत. तुमच्याकडे काकाच्या लग्नातला फेटा असेल, तर तसेही जादूगार होता येईल.

पालकांना एक विनंती. संमेलनात समई पेटलेली असते. लोंबती बाही आणि कापसाची दाढी ज्योतीपासून दूर राहील, हे कुणीतरी एकाने बघायचंच. सिंथेटिक कापड तर नकोच. दाढी डिंकाने गालावर चिकटवू नका, कापडाच्या पट्टीवर कापूस शिवून पट्टीला इलॅस्टिक लावा.

चंद्रकळेचा झगा त्या वर्षी स्टेजवर चमकला. मागच्या रांगेत बसलेली आजी शेजारणीला सांगत होती, ‘माझ्या संक्रांतीचं लुगडं आहे ते.’ उरलेले तुकडे तिने गोधडीत घातले. ती गोधडी आता माझ्याकडे आहे. पाच चांदण्या अजून शाबूत आहेत.

पुढच्या आठवड्यात जादूची कांडी. जुन्या वर्तमानपत्राच्या रद्दीतून दोन मोठी पानं बाजूला ठेवा, आणि हो, आधी विचारून!