नव्या गड्यांची पारख

दिवाळीच्या आधी घरोघर चकलीचा पहिला घाणा निघतो. पहिली चकली कढईत मोडली, तर जाणती गृहिणी लगेच भाजणीला नावे ठेवीत नाही. तेल नीट तापले आहे ना, मोहन जास्त पडले का, हे ती आधी पाहते. हे शहाणपण स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून खेळाच्या मैदानापर्यंत मात्र क्वचितच पोहोचते. तिथे नवा गडी एका सराव सामन्यात पकडला गेला, की बघे म्हणतात, "छे, याच्यात काही दम नाही!" आणि तोच चौघांना मारून आला, तर त्याच संध्याकाळी ते त्याला देशाच्या संघात बसवून मोकळे होतात.

आमच्या नगर जिल्ह्यात (सरकारदप्तरी आता अहिल्यानगर) कबड्डीचे वेड जुने आहे. वडीलधारी मंडळी अजूनही तिला हुतूतूच म्हणतात. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मातीतला हा खेळ मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात गेला. नामवंतांचा तिथे लिलाव होतो. कोवळ्या पोरांना मात्र 'नवे युवा खेळाडू' म्हणून वेगळ्या यादीतून घेतात. हंगामापूर्वीच्या शिबिरात ही नवी तुकडी उभी राहिली, की जो तो परीक्षक होतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. तरुणपणी ते मातीत पुष्कळ खेळले आहेत. मी त्यांना एकदा विचारले, "काका, नव्या पोरांत तुम्ही नेमके काय पाहता?"

"सर," ते म्हणाले, "तो किती गडी मारतो, हे मी पाहतच नाही. बाद होऊन बाहेर बसल्यावर तो काय करतो, ते पाहतो. एक पोरगा बुटाच्या नाड्यांशी चाळा करीत बसतो. दुसरा, ज्याने आपल्याला धरले त्याचे पाय न्याहाळीत बसतो. पुढच्या चढाईला हा दुसरा त्या हाताला सापडत नाही."

व्याकरणाच्या तासाला मुलांना मी जे शिकवतो, त्याहून हे सूत्र सोपे आणि पक्के आहे.

शिवाय सराव सामन्याला एक मोठी मर्यादा असते. या लीगमध्ये चढाई तीस सेकंदांची. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसरीत गुण आणावाच लागतो; नाही तर चढाई करणारा बाद. सरावातही ही तिसरी चढाई होते, पण तिच्यात भीती नसते. समोरचे सातही जण आपलेच. रात्री एकाच पंगतीला बसणारे. तेव्हा सराव सामना म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम समजावा. तिथे सगळेच नीटनेटके बसतात आणि बेताचे बोलतात. संसाराची पारख पुढे व्हायची असते.

एक उदाहरण घ्या. २०२१च्या डिसेंबरात लीगचा आठवा हंगाम बंगळूरला, महामारीमुळे प्रेक्षकांविना, सुरू झाला. पुणेरी पलटण संघात तेव्हा राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे दोन नामांकित चढाईपटू होते. नितीनला तर २०१७च्या लिलावात ९३ लाख रुपये, म्हणजे त्या वर्षीची सर्वांत मोठी बोली मिळालेली. सगळ्यांचे डोळे या दोघांवर. नव्यांच्या यादीत होते आमच्या जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत. हंगाम पुढे सरकला, तसा चढाईचा भार या दोन पोरांनी उचलला. दोघेही चढाईबरोबर पकडही करणारे. नवा चढाईपटू बघताना आपण त्याचे गुण मोजतो. पण प्रतिपक्षाचा गडी अंगणात आला असता तो जागचा हलतो की नाही, हे कोण पाहतो?

पुढच्या हंगामात, २०२२ साली, पलटण अंतिम सामन्यात पोहोचली. पण दुखापतींमुळे दोघेही त्या दिवशी बाहेर, आणि जयपूरने ३३-२९ असा विजय मिळवला. तुकडीवर तेव्हाच शेरा मारला असता, तर तो काय झाला असता? २०२३ साली अस्लम हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्याच्याच नेतृत्वाखाली पलटणने हरियाणाला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळवले. म्हणजे २०२१च्या त्या यादीचा खरा निकाल तिसऱ्या हंगामात लागला.

क्रिकेटमध्येही हेच. ३ ऑक्टोबर २००० रोजी नैरोबीला केनियाविरुद्ध तिघे नवे गडी भारतातर्फे एकदमच मैदानात उतरले: श्रीरामपूरचा झहीर खान, युवराज सिंग आणि विजय दहिया. युवराजला त्या दिवशी फलंदाजीच मिळाली नाही. त्या सामन्यावरून कोणी त्याला काय गुण देणार? झहीरला पहिल्याच दिवशी तीन बळी मिळाले. पण २००३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्या षटकात १५ धावा गेल्या. त्याच झहीरने २०११च्या अंतिम सामन्यात पहिली तीन षटके निर्धाव टाकली. युवराज त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि दहिया? २ कसोटी व १९ एकदिवसीय सामन्यांवर त्याचा खेळ थांबला. पण २००७-०८ साली रणजी करंडक जिंकणाऱ्या दिल्लीचा तो प्रशिक्षक होता. एका तुकडीतल्या तिघांच्या वाटा अशा तीन दिशांना गेल्या.

याचा अर्थ पारख करूच नये, असा नाही. संघात जागा थोड्या असतात आणि निवडणाऱ्याला निवडावेच लागते. पण "आज जागा नाही" आणि "तुझ्यात काही नाही" ही दोन वाक्ये वेगळी आहेत. पहिले ऐकून पोरगा दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येतो. दुसरे ऐकून तो एस.टी.ने गावी जातो आणि पुन्हा परत येत नाही. त्याची कबड्डी तिथेच संपते, आणि आपण काय गमावले, हे संघाला कधी कळतही नाही.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी माझ्याही वर्गात नवी तुकडी येऊन बसते. खेड्यावरून आलेली काही मुले पहिले दोन महिने तोंड उघडीत नाहीत. त्यांच्याविषयी दिवाळीपर्यंत काही मत करायचे नाही, असा माझा नेम आहे. दिवाळीनंतरही ते मत मी पेन्सिलीनेच लिहितो.

वाचकहो, सहामाहीचे प्रगतिपुस्तक या सुटीत आपल्याही घरी आले असेल. गुण जरूर पाहा. पण जिथे ते कमी पडले, तिथे आपले पोर सुटीत काय करीत आहे, नाड्यांशी चाळा की पुढच्या चढाईचा विचार, तेही जरा पाहा.