मेगापास्कलचा मोह

दाढांच्या खाचा बुजवणाऱ्या सीलंटविषयीच्या बातम्या एकाच साच्यात येतात: लेझर, सूक्ष्म कणांचा मारा किंवा नवे रसायन वापरून दंतवल्काची, म्हणजे एनॅमलची, पूर्वप्रक्रिया केली आणि ‘चिकटण्याची ताकद वाढली’. पुरावा म्हणून मेगापास्कलमधला एक आकडा. भौतिकशास्त्राचा संशोधक म्हणून माझा आक्षेप त्या आकड्याच्या वापरावर आहे.

मूळ कल्पना साधी आणि सुंदर आहे. फॉस्फोरिक आम्लाच्या प्रक्रियेनंतर ॲक्रिलिक पदार्थ दंतवल्काला घट्ट धरतो, हे मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले. दंतवल्क वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. आम्ल त्यातील काही खनिज विरघळवून सूक्ष्म छिद्रे उघडते. पातळ रेझिन केशाकर्षणाने त्यांत शिरते आणि तिथेच घट्ट होते. आजही साधारण ३७ टक्क्यांचे आम्ल हे काम अर्ध्या मिनिटात करते.

आता मोजमाप पाहा. काढलेला दात, बहुधा घासून सपाट केलेला पृष्ठभाग, त्यावर सीलंटची छोटी चकती. यंत्राने ती बाजूने ढकलायची आणि तुटतानाच्या बलाला क्षेत्रफळाने भागायचे. हा भागाकार केवळ सरासरी सांगतो. प्रत्यक्षात प्रतिबल कडेशी एकवटते आणि तडा बहुधा तिथूनच जातो. चकतीचा व्यास, पात्याचे सांध्यापासूनचे अंतर, ढकलण्याचा वेग, यांपैकी काहीही बदलले तरी आकडा बदलू शकतो. म्हणजे तो निव्वळ सांध्याचा गुणधर्म नव्हे. त्यात चाचणीची रीतही मिसळलेली असते. एकाच प्रयोगातील दोन गट त्याने जरूर ताडावेत. दोन प्रयोगशाळांची शर्यत लावू नये.

आणि दाढ असते कुठे? सहा-सात वर्षांच्या मुलाच्या ओल्या तोंडात, अर्धवट हिरडीखाली. उघडलेल्या छिद्रांवर क्षणभर लाळ आली तरी त्यातील प्रथिने चिकटून रेझिनची वाट अडवतात आणि आम्ल पुन्हा लावावे लागते. ज्या शाळेतील शिबिरात लाळ ओढणारे यंत्रही नाही, तिथे लेझरच्या आकड्याचा उपयोग काय? तिथे दाढ कोरडी ठेवणारे दोन कुशल हात अधिक मोलाचे.

प्रयोगशाळेतील चाचणी निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. ती चाळणी आहे, निकाल नव्हे. सीलंटमुळे कायमच्या दाढांतील कीड कमी होते, हा कोक्रेनच्या २०१७ च्या आढाव्याचा निष्कर्ष मुलांच्या तोंडातील कीड मोजून निघाला, मेगापास्कल मोजून नव्हे. मात्र अशा पाहणीला दोन-दोन वर्षे लागतात. चकती एका दुपारी तुटते. सोपे ते मोजायचे आणि महत्त्वाचे ते गृहीत धरायचे, ही सवय आपण विज्ञान म्हणून खपवून घेतो.

विद्यार्थी मित्रांनो, पुढची अशी बातमी वाचाल तेव्हा तीनच प्रश्न विचारा: दात कोणाच्या तोंडात होता? सीलंट किती महिने टिकले? आणि कीड थांबली का?